मध्यमाचा तानपुरा आणि एक प्री-अँप

प्री-अँप, म्हणजे गाणं वाजवणारं यंत्र आणि स्पीकर चालवणारा पॉवर अँप यांच्या मधला डबा, ही आजच्या घरात जवळजवळ निरुद्योगी वस्तू आहे. सीडी प्लेअर असो नाहीतर डॅक (डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारं यंत्र), त्यातून दोन व्होल्टपर्यंतचा सिग्नल निघतो, आणि बहुतेक पॉवर अँप एक-दीड व्होल्टमध्येच आपली सगळी ताकद दाखवून मोकळे होतात. म्हणजे आवाज वाढवायला मधे कुणी लागतच नाही. लागतो तो कमी करायला. तरीही माणसं मधे एक डबा ठेवतात, त्यात काचेच्या ट्यूबा लावतात, त्या तापेपर्यंत थांबतात आणि या सगळ्यासाठी घसघशीत पैसे मोजतात. गेल्या वर्षी मीही मोजले.

पूर्वी असं नव्हतं. १९५८ साली मरांट्झ कंपनीने ‘मॉडेल ७’ हा प्री-अँप आणला, तेव्हा त्याच्या पोटातल्या सहाच्या सहा ट्यूबांना दिवसभराचं काम होतं. रेकॉर्डवर फिरणाऱ्या सुईतून जेमतेम पाच मिलिव्होल्ट यायचे. ते आधी शंभरेक पटींनी वाढवायचे. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो आणि वरचे स्वर उचललेले असतात, ते आरआयएए या अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने ठरवलेल्या मापाने पुन्हा जागेवर आणायचे. मग टोन कंट्रोल, बॅलन्स, टेपसाठी वेगळी वाट. त्या सहाही ट्यूबा १२एएक्स७ जातीच्या. या ट्यूबचा अँप्लिफिकेशन फॅक्टर, म्हणजे ती सिग्नल फार तर किती पट वाढवेल तो आकडा, शंभर, आणि त्या काळी तो शंभर खरोखर लागत होता. १९८२ साली सीडी बाजारात आली आणि हे काम हळूहळू संपत गेलं. काम संपलं तरी ट्यूबचा प्री-अँप काही गेला नाही. निवृत्तीनंतरही रोज ऑफिसात येऊन बसणाऱ्या साहेबांसारखा तो टिकून आहे, आणि आल्यावर लोक त्याला खुर्चीही देतात.

आमचा सेट साधा आहे. पुण्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट, बेताचा हॉल, स्टँडवरचे टू-वे स्पीकर आणि ट्रान्झिस्टरचा पॉवर अँप. या पॉवर अँपचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध; तो जितका कमी, तितका मागच्या यंत्रावर भार जास्त) दहा किलोओहम आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो बराच छळणार आहे. ऐकणं बहुतेक आपलंच: ख्याल, ठुमरी, नाट्यगीतं, मधूनच एखादी कव्वाली. मी स्वतः बरीच वर्षं गाणं शिकले. मैफल करण्याइतकी तयारी झाली नाही, पण तानपुरा लावता येतो. प्री-अँप निवडताना तेवढंच कामाला आलं. मासिकांतली परीक्षणं वाचून मात्र डोक्याचा भुगा झाला, कारण त्यात प्रत्येक यंत्र ‘उबदार’ असतं आणि प्रत्येकाचं स्टेज ‘खोल’ असतं.

धाकटा भाऊ भोसरीत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे. त्याने पहिल्या दिवशीच निकाल लावला. “ताई, तुला प्री-अँप लागतच नाही. एक चांगला पॉट डब्यात बसव, दोन सॉकेटं लाव, संपलं.” आणि खरंच त्याने शनिवारी बसून तसा डबा करून दिला. पॅसिव्ह प्री म्हणतात तो हाच: आत नुसतं आवाजाचं फिरतं बटण, म्हणजे पॉट. आवाज स्वच्छ होता, अगदी लख्ख. ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा असतो, हे वाक्य मला नेहमीच आळशीपणाचं वाटत आलंय. चांगल्या ट्रान्झिस्टर अँपचं डिस्टॉर्शन मोजायला बसलं तर टक्क्याचे हजार भाग करावे लागतात. त्यात कोरडं काय आणि ओलं काय. अडचण एवढीच होती की पॉटला पुढचा दहा किलोओहमचा भार सोसत नव्हता. बटण अर्ध्यापर्यंत फिरवलं तरी आवाज दबलेला, आणि पुढे एकदम उसळी.

“यावर बफर टाकता येईल,” भाऊ म्हणाला. “आवाज न वाढवता नुसता भार उचलणारा. चिपचा. शंभर रुपयांचा.”

“मला ट्यूबचा हवाय.”

“का?”

“आवडतो म्हणून.”

हे उत्तर त्याला चाललं. त्याला राग येतो तो ‘ट्यूब जास्त खरी असते’ असं कुणी म्हणालं की. “आवडतो ना? मग किती आवडतो ते मोजून घे,” एवढंच म्हणाला.

मोजायचं कशाने? माझ्याकडे त्याचं एकच माप होतं: तानपुरा.

तानपुऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो किंचित उतरता घासलेला असतो. तार त्याच्यावरून जाताना हलकेच त्याला घासत राहते, आणि तारेखाली सरकवलेला दोरा ती नेमकी कुठे घासेल ते ठरवतो. दोरा केसभर इकडेतिकडे झाला की तार नुसतीच टणटणते. जागेवर आला की तीच तार उघडते, म्हणजे एका सा मधून वरचे सगळे स्वर सुटे होऊन ऐकू यायला लागतात. मिरजेच्या तानपुऱ्यांचं जे नाव आहे, ते भोपळ्याइतकंच घोडी अशी घासण्याच्या, म्हणजे जवारीच्या, हाताचं आहे. मूळ कंपनाची दुप्पट झाली की तार सप्तकातला सा, तिप्पट झाली की त्याच्या वरचा पंचम, पाचपट झाली की गंधार. कुणीही न छेडलेला हा गंधार, म्हणूनच त्याला स्वयंभू म्हणतात. आमच्या गाण्याच्या बाई तानपुरा लावायला बसवायच्या आणि स्वतः आत चहा टाकायला जायच्या. आतून ओरडून सांगायच्या, “अजून गंधार बोलत नाहीये गं!” भिंतीपलीकडून त्यांना तो ऐकू यायचा, आणि माझ्या मांडीवर तानपुरा असून मला नाही.

आता ट्यूब काय करते? ट्रायोडमध्ये, म्हणजे प्री-अँपमधल्या या साध्या ट्यूबमध्ये, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या व्होल्टेजचं नातं सरळ रेघेचं नसतं, त्याला हलका बाक असतो. त्या बाकामुळे एक शुद्ध सा आत पाठवला तर बाहेर येताना त्याच्यासोबत थोडासा तार सा येतो. हा दुसरा हार्मोनिक. तिसरा, म्हणजे पंचम, त्याहून पुष्कळ कमी. भाव खाऊन जाणारं ‘ट्यूबचं माधुर्य’ ते हेच: दुप्पट कंपनाचा एक स्वर, जो मूळ स्वराचाच आहे. चांगल्या रचनेत एक व्होल्टला त्याचं प्रमाण टक्क्याच्या दहाव्या भागाइतकं किंवा त्याहूनही कमी असतं. काही प्री-अँप मात्र मुद्दाम असे बेतलेले असतात की ते एक टक्क्याच्या घरात जावं, कारण दुकानात पाच मिनिटं ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाला ते लगेच भावतं.

इथवरची गोष्ट सगळेच सांगतात. पण ती एका स्वरापुरती आहे. दोन स्वर एकदम आत गेले की तो बाक त्यांचे नुसते हार्मोनिक करून थांबत नाही. त्यांची बेरीज आणि वजाबाकी करून आणखी दोन स्वर काढतो. इंजिनिअर लोक याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात आणि नाक मुरडतात. मी वही घेऊन बसले आणि तानपुऱ्याच्या तारांवर हा हिशेब मांडला.

खर्जाचा सा आणि मंद्र पंचम यांच्या कंपनांचं प्रमाण २ ला ३. वजाबाकी १, म्हणजे खर्जाच्याही खालचा सा. बेरीज ५, म्हणजे गंधार! जो तानपुरा स्वतःच देतो, तोच. याचा अर्थ असा, की पंचमाचा (पहिली तार पंचमाला लावलेला) तानपुरा चालू असताना ट्यूब जे काही खोटं पदरचं घालते, ते नेमकं तानपुऱ्याच्या खऱ्यात मिसळून जातं. यमन ऐका, भूप ऐका, बिहाग ऐका, सगळं भरल्यासारखं वाटणार. बाईंनी आतून हाक मारायच्या आधीच गंधार बोलणार.

पण मालकंसात पंचम नसतो. तिथे पहिली तार मध्यमाला लावतात. खर्जाचा सा आणि मंद्र मध्यम हे प्रमाण ३ ला ४. वजाबाकी १: हा सा नव्हे, खूप खालचा मध्यम. सा मधला सा-पणा त्याने ढिला पडतो. खाली मध्यम घुमायला लागला की वरचा सा त्याचा पंचम असल्यासारखा वाटतो. आणि बेरीज ७: हा स्वर रिषभ आणि कोमल गंधार यांच्या मधे कुठेतरी लटकलेला, कोमल गंधाराहून चांगलाच उतरलेला. मालकंसात कोमल गंधार केवढा महत्त्वाचा! त्याच्या शेजारी हे असलं काहीतरी सतत भिणभिणत ठेवायचं?

वही मिटली तेव्हा माझी कसोटी ठरली होती. पंचमाच्या तानपुऱ्यावर कुठलीही ट्यूब गोडच वाटणार, तेव्हा त्यावर ऐकून निवडू नये. मध्यमाचा तानपुरा लावावा आणि मग बघावं.

मुंबईत एका मोठ्या शोरूममध्ये गेले. तिथला तरुण फार अदबीने वागला. पाणी, कॉफी, मंद दिवे. त्याने लावलं ते नेहमीचं: संथ इंग्रजी गाणं, बाईचा आवाज अगदी कानाशी, मागे डबल बास. सुंदरच वाटलं, ते कुठेही सुंदरच वाटतं. मी विलंबित मालकंस लावायला सांगितला. तो जरा गोंधळला. “मॅम, क्लासिकलला एवढा फरक नाही कळणार,” म्हणाला. मी म्हटलं, लावा तर खरं. त्याच्याकडचा सगळ्यात महाग प्री-अँप होता तो, समोर जाड काच, आत ट्यूबा मांडलेल्या. आलापीत गायक कोमल गंधारावरून मध्यमावर जाताना जी मींड घेत होता, तिची कड गेली होती. स्वर होता, आस होती, पण तो गंधाराहून नेमका कधी निघाला ते कळेना. त्यानंतर मी यमन लावायला सांगितला आणि तोच प्री-अँप पुन्हा राजासारखा वाजायला लागला. तरुण खूश. मी धन्यवाद म्हणून निघाले.

घरी हे भावाला सांगितलं तर तो म्हणाला, “तुझ्या मनात आधीच ठरलेलं होतं.” शक्य आहे. म्हणून मग त्याने आपल्या पद्धतीने परीक्षा घेतली. ओळखीतून दोन ट्यूब प्री-अँप उसने आणले, तिसरा म्हणून चिपचा बफर जोडलेला आपला डबा ठेवला. आधी १ किलोहर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरला आणि तिघांचा आवाज अगदी सारखा केला. हे करायलाच हवं. अर्ध्या डेसिबलचा फरक कानाला मोठेपणा म्हणून कळत नाही, ‘चांगलं’ म्हणून कळतो, आणि दुकानांतले निम्मे चमत्कार त्या अर्ध्या डेसिबलचे असतात. मग मला पाठ करून बसवलं आणि काही न सांगता तो तारा बदलत राहिला. पंचमाच्या तानपुऱ्यावर मला बहुतेक वेळा काही ओळखता आलं नाही. मध्यमाच्या तानपुऱ्यावर त्यातला स्वतःचा रंग जास्त मिसळणारा प्री-अँप बहुतेक वेळा ओळखू आला. उरलेला ट्यूब प्री आणि चिपचा डबा यांच्यात मात्र मी चाचपडतच होते. भावाला यातून चिप जिंकली असं वाटतं. मला वाटतं, इतकी कमी ढवळाढवळ करणारी ट्यूब असू शकते हे त्यातून कळलं. दोघांचं समाधान झालं.

या सगळ्या तात्त्विक चर्चेपेक्षा व्यवहारातली एक साधी गोष्ट जास्त महत्त्वाची निघाली, ती म्हणजे तो दहा किलोओहमचा आकडा. ट्यूबच्या प्लेटवर, म्हणजे वाढवलेला सिग्नल जिथून बाहेर निघतो तिथे, अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) असतो. तो पुढच्या अँपमध्ये जाऊ नये म्हणून वाटेत एक कपॅसिटर लावतात. तो डीसी अडवतो आणि गाणं सोडतो. पण किती सोडतो हे पुढचा इम्पीडन्स ठरवतो. जुन्या ट्यूब पॉवर अँपांचा इम्पीडन्स शंभर किलोओहम किंवा त्याहून जास्त असायचा, त्यामुळे ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरायचा. तो ७ हर्ट्झच्या आसपास कापायला सुरुवात करायचा, म्हणजे ऐकू येण्याच्या कितीतरी खाली. तोच प्री-अँप माझ्या दहा किलोओहमला जोडला तर कात्री येते ७२ हर्ट्झवर. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार असते ६९ हर्ट्झची. म्हणजे त्या तारेचा मूळ स्वर पुढे पोचेपर्यंत तीसेक टक्क्यांनी क्षीण झालेला. वरचे हार्मोनिक शाबूत असल्यामुळे कान तो आपल्या पदरचा भरून घेतो आणि चटकन काही कळत नाही. पण डग्ग्याचा घुमार हलका वाटायला लागतो, आणि मग लोक म्हणतात, “ट्यूबला बेस नसतो.” ट्यूबचा काय दोष? जोडी जुळवताना पत्रिकाच पाहिली नाही.

त्याच कारणासाठी आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे प्री-अँपच्या स्वतःच्या अंगचा विरोध, विचारायचा. पुढच्याचा इनपुट इम्पीडन्स मागच्याच्या आउटपुटच्या निदान दसपट असावा, असा ठोकताळा आहे. १२एएक्स७ची स्वतःची अंतर्गत रेझिस्टन्सच साठ किलोओहमच्या पुढे. तिच्या प्लेटवरून सरळ माझ्या अँपला तार काढणं म्हणजे खेळ खलास. १२एयू७ किंवा ६एसएन७ यांची सात किलोओहमच्या आसपास, तीही मला पुरेशी कमी नाही. म्हणून शेवटी कॅथोड फॉलोअर नावाची जोडणी हवी. त्यात ट्यूब आवाज वाढवत नाही, फक्त पुढचा भार उचलते, आणि आउटपुट इम्पीडन्स काहीशे ओहमवर येतो. विक्रेत्याला हे विचारलं की तो पहिल्यांदाच आपल्याकडे नीट बघतो, असा माझा अनुभव आहे.

गेनचंही, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो याचंही, तेच. १२एएक्स७वाले प्री-अँप ऐकताना माझं बटण घड्याळातल्या सात-आठच्या काट्यावर, म्हणजे अगदी सुरुवातीलाच थांबायचं, त्यापुढे शेजारी दार वाजवतील. पॉटचे डावे-उजवे ट्रॅक अगदी सुरुवातीला एकमेकांशी नीट जुळत नाहीत. तिथे गायिका मधोमध न बसता डावीकडे सरकून बसलेली असते. शिवाय नको असलेला गेन ट्यूबची सळसळही वाढवून आणतो. ६एसएन७चा अँप्लिफिकेशन फॅक्टर वीस. फॉलोअर धरून आणि थोडा फीडबॅक देऊन तो चार-पाच पटींवर आणता येतो. मला तेवढाही पुष्कळ. ईसीसी८८ ही टीव्हीच्या ट्यूनरसाठी केलेली ट्यूब, तिचे आकडे कागदावर सगळ्यात देखणे, पण ती थोडी हुळहुळी आहे आणि आमच्या हॉलमध्ये शेजारच्या मिक्सरचीही खबर देते. निदान मी ऐकली ती देत होती.

हे हुळहुळेपण तपासायचं कसं ते बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीजवळच्या एका काकांनी दाखवलं. वय पंच्याहत्तरच्या पुढे. एकेकाळी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचे. आता दुकान मुलगा बघतो आणि मोबाइलचे चार्जर विकतो, पण मागच्या फळीवर काकांचं जुनं जग अजून आहे. ‘ट्यूब’ हा शब्द त्यांच्या तोंडी येत नाही. त्यांच्यासाठी तो व्हॉल्व्हच. त्यांनी प्री-अँप चालू करायला लावला, कानामागची पेन्सिल काढली आणि तिच्या रबराच्या टोकाने प्रत्येक व्हॉल्व्हच्या डोक्यावर हलकेच टिचकी मारली. पहिल्याने नुसतं ठक् केलं. दुसऱ्याने स्पीकरमधून चक्क घंटी वाजवली. “हा गवई झालाय,” काका म्हणाले. “ह्याला काढा. आतली जाळी सैल असते, बाहेरचा धक्का तिला लागतो आणि ती स्वतःच गायला लागते.” मग मला दोन अटी घातल्या. यंत्र बंद केलं तरी लगेच आत हात घालायचा नाही, कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका करंट बराच वेळ राहतो. आणि घालायची वेळ आलीच तर डावा हात खिशात. दोन्ही हात आत असले की वीज छातीतून जाते. मी आत हात घालणार नाही, भाऊ घालेल, असं सांगितलं तर म्हणाले, “मग त्यांना सांगा खिशाची पँट घाला म्हणून.”

फळीवर बेलचे व्हॉल्व्ह होते, बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. खोकी पिवळी पडलेली, पण काच लख्ख. १९५४ साली ही सरकारी कंपनी निघाली आणि पुढे आपल्याकडच्या कितीतरी रेडिओंत तिचेच व्हॉल्व्ह बसले. परदेशात आता त्यांचेही शौकीन आहेत म्हणे. काकांना याचं हसू येतं. जुन्या युरोपियन व्हॉल्व्हबद्दल तर विचारूच नका. टेलिफुंकेन या जर्मन कंपनीच्या खऱ्या ईसीसी८३च्या (१२एएक्स७चंच युरोपियन नाव) बुडाशी, पिनांच्या मधे, काचेतच उठवलेला छोटा चौकोन असतो. वरचं नाव कुणीही छापू शकतं आणि छापतातही. म्हणून जाणकार माणूस व्हॉल्व्ह आधी उलटा करून बघतो. अशा एका जोडीला लोक जे पैसे देतात त्यात मिरजेहून बरा तानपुरा येईल. मी तानपुरा घेईन.

नव्या ट्यूबा आज जगात मोजक्याच ठिकाणी बनतात: रशियात सारातोव्हला, स्लोव्हाकियात, चीनमध्ये, आणि अमेरिकेत थोड्या. २०२२च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात थांबवल्याची बातमी आली आणि जगभरच्या गिटारवाल्यांनी दुकानं रिकामी केली. हाय-फायवाले त्यांच्या मागोमाग. भाव चढले ते पुरते उतरलेच नाहीत. त्यामुळे सहज मिळणारी ट्यूब असलेलाच प्री-अँप घ्यावा, दुर्मिळ जातीच्या नादाला लागू नये, हे माझं स्पष्ट मत. छोट्या सिग्नलच्या ट्यूबा पाच हजार तास तरी चालाव्यात अशी अपेक्षा धरतात. रोज दोन तास ऐकलं तर सहा-सात वर्षं निघतात. विजेचा बाऊ करायचं कारण नाही. ६एसएन७चा हीटर, म्हणजे तिला आतून तापवणारी तार, ६.३ व्होल्टला ०.६ अँपिअर घेतो, म्हणजे चार वॅटही नाही. खरी काळजी आपल्याकडे व्होल्टेजच्या चढउताराची, आणि वीज जाऊन लगेच परत येण्याची. थंड ट्यूबेवर, तापायच्या आतच, सगळं व्होल्टेज येऊन बसतं आणि स्पीकरमधून धप्प असा आवाज होतो. म्हणून चालू झाल्यावर अर्धा-एक मिनिट आउटपुट अडवून धरणारा रिले आत आहे का, हे मी सगळ्यांना विचारलं. दोन-तीन नामांकित यंत्रांत तो नव्हता. ट्रान्झिस्टरच्या पॉवर अँपसमोर मी असलं यंत्र ठेवणार नाही, मग त्याची परीक्षणं कितीही तोंडभरून असोत.

असं गाळत गाळत जे उरलं ते काही दिसायला देखणं नव्हतं. ठाण्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी घरी हाताने बांधलेला प्री-अँप: दर चॅनलला एक ६एसएन७, तिच्या आतल्या दोन ट्रायोडांपैकी एकात गेन आणि दुसऱ्यात कॅथोड फॉलोअर, हीटरला डीसी, आणि माझा दहा किलोओहम ऐकल्यावर त्यांनी आउटपुटचा कपॅसिटर बदलून २.२ मायक्रोफॅरडचा घातला. कात्री परत ७ हर्ट्झवर. रिले आहे. रिमोट नाही. आधी त्यांना वाटलं मी नवऱ्यासाठी घेतेय. मग त्यांनीच तासभर मालकंस ऐकवला, स्वतःच्या संग्रहातला, आणि मधे एकदा उठून बटण जरासं खाली केलं. “एवढ्यावर गंधार सुटा होतो बघा.” झाला होता.

भावाने घरी आणल्यावर मोजमाप केलंच. एक व्होल्टला दुसरा हार्मोनिक टक्क्याच्या दहाव्या भागाच्याही खाली, बाकीचे नगण्य. “ह्यात ट्यूबचं असं राहिलंय काय?” असं त्याने विचारलं, जरा निराशेनेच. फारसं नाही. म्हणूनच घेतला. शिवाय जुन्या ध्वनिमुद्रणांना वरून ट्यूब लावायची गरज तशीही कमी: १९२०च्या दशकात रेकॉर्डिंग विजेवर गेल्यापासून ट्रान्झिस्टर येईपर्यंत जे जे गाणं तबकडीवर चढलं, ते माइकपासून कटरपर्यंत व्हॉल्व्हमधूनच गेलंय. त्या गाण्यांत जी ट्यूब आहे ती आधीचीच, काढू म्हटलं तरी निघणार नाही.

फोनोचं, म्हणजे रेकॉर्डच्या सुईचा सिग्नल वाढवणाऱ्या भागाचं, काय करायचं ते मात्र अजून ठरत नाहीये. या प्री-अँपमध्ये फोनो स्टेज नाही. भावाचं म्हणणं, तिथे निमूटपणे ट्रान्झिस्टर घे, पाच मिलिव्होल्टच्या सिग्नलपुढे ट्यूबची सळसळ परवडत नाही. ठाण्याचे गृहस्थ म्हणतात, निवडून दोन १२एएक्स७ देतो, ऐका आणि मग बोला. मला दोघांचंही पटतं. तोवर जुन्या इंटिग्रेटेड अँपच्या फोनोवर भागवतेय, त्याचा डावा चॅनल मधून मधून जातो, पाठीवर थाप मारली की येतो.